गाणारीचं नाव काय?

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 भात झोडून झालं असेल, नागली खळ्यावर आली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे माझ्याकडे द्या. आज मी तुम्हाला एका गाण्याची गोष्ट सांगणार आहे. गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, बऱ्याच जणी त्यावर नाचल्याही आहात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एका लग्नाची हळद होती. दिवसभर घरात चौक लिहिणं चाललं होतं आणि चौकापाशी बसून धवलेरी आजी गात होती. वारली लग्नात धवलेरीशिवाय पान हलत नाही, हे हरसूलच्या बाजूला कुणाला सांगायला नको. संध्याकाळी डीजे आला. दोन-चार गाणी झाली आणि ‘ऐका दाजिबा’ लागलं. मग काय विचारता! पोरी उठल्या, त्यांच्या आया उठल्या, पाटावर बसलेली नवरीसुद्धा मान डोलवायला लागली.

आजी माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, “आवाज चांगला हाय गं. गाणारीचं नाव काय?”

मी पोरींना विचारलं. एक म्हणाली, “डीजेवाल्याचं गाणं आहे.” दुसरीला व्हिडिओतली नाचणारी आठवत होती. गाणारीचं नाव एकीलाही सांगता आलं नाही. खरं सांगते, मलाही क्षणभर आठवावं लागलं. नाव आहे वैशाली सामंत.

आजी गप्प बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “म्हंजे तिचंबी माझ्यासारखंच.”

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून आज गाणाऱ्या बाईच्या नावाचा आणि तिच्या मोबदल्याचा शंभर वर्षांचा इतिहास सांगते.

सुरुवात करू १९०२ सालापासून. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्र घेऊन कलकत्त्याला आला. आपल्याकडची गाणी पहिल्यांदाच तबकडीवर उतरवायची होती. मोठ्या घरच्या बायका परक्या माणसासमोर गायच्या नाहीत. ज्या गायच्या, त्या गाण्यावर पोट असलेल्या, समाजानं बाजूला ठेवलेल्या. त्यांतलीच एक होती गौहर जान. एका तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर चालणारा राग तिनं तीन मिनिटांत बसवून दाखवला. आणि गाणं संपता संपता ती मोठ्यानं सांगायची, तेही इंग्रजीत, की माझं नाव गौहर जान.

असं का? तर तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात जायच्या. तिथल्या कामगाराला आपली भाषा कळणार नाही. कुठला आवाज कुणाचा, हे त्यानं ओळखायचं कसं? म्हणून गाणाऱ्यानं शेवटी नाव सांगायचं. सोय कंपनीची होती. पण त्यामुळे आज एवढ्या वर्षांनीही ती तबकडी वाजली की गौहर जान स्वतःच्या तोंडानं आपलं नाव सांगते. कुणी ते पुसू शकलेलं नाही.

आता १९४९ साल. ‘महल’ नावाचा सिनेमा आला. त्यात मधुबाला होती आणि लता मंगेशकरांनी गायलेलं ‘आएगा आनेवाला’ हे गाणं होतं. गाणं देशभर गाजलं. पण तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं, माहीत आहे? ‘कामिनी’. कामिनी हे सिनेमात मधुबालानं केलेल्या पात्राचं नाव. म्हणजे जी बाई जगात नाहीच, तिच्या नावावर गाणं. तेव्हाची रीतच तशी होती. लोकांनी मात्र रेडिओला पत्रांवर पत्रं लिहिली, की ही गाणारी कोण ते सांगा. मग कंपनीकडून नाव मागवलं गेलं आणि रेडिओवरून लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. ऐकणाऱ्यांनी विचारलं म्हणून नाव बाहेर आलं, हे ध्यानात ठेवा. आजीनंही तेच विचारलं होतं.

नावानंतर येतो पैसा. तो समजायला आपल्याच कामाचं उदाहरण घेऊ. आपल्यातल्या कितीतरी जणी द्राक्षाच्या हंगामात गिरणाऱ्याच्या बाजूला बागांवर जातात. कधी रोजानं, कधी उक्तं. उक्तं काम म्हणजे एकरकमी बोली. काम झालं, पैसे मिळाले, विषय संपला. पुढे त्या द्राक्षाला बाजारात सोन्याचा भाव आला तरी आपला त्यात हिस्सा नाही. याउलट जमीन वाट्यानं केली, तर पीक जास्त आलं की आपला वाटाही वाढतो. गाण्याचंही असंच असतं. गायिकेला एकदाच पैसे देऊन मोकळं होणं म्हणजे उक्तं. गाणं जेवढं विकलं, जेवढं वाजलं, त्यातला हिस्सा देत राहणं म्हणजे वाटा. या वाट्याला रॉयल्टी म्हणतात.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी धरून लावलं, की रेकॉर्डच्या विक्रीत गाणाऱ्यांना वाटा मिळाला पाहिजे. महंमद रफींना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, ठरलेले पैसे घेतले की आपला हक्क संपला. एवढ्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. रफीसाहेब मनाचे मोठे होते, यात शंका नाही. पण हक्काच्या बाबतीत लताबाईंचं बरोबर होतं, हे पुढे कायद्यानंच मान्य केलं. ते कसं, ते पुढे येईलच.

आपल्या मराठीतल्या सुलोचना चव्हाणही विसरायला नकोत. डोक्यावरून पदर घेऊन उभं राहायचं आणि आवाजातून ठसकेबाज लावणी म्हणायची, ही त्यांची तऱ्हा. नाचल्या नाहीत, पण आवाजावर महाराष्ट्र डोलला. लोक त्यांना लावणीसम्राज्ञी म्हणत. सरकारची पद्मश्री मात्र मिळाली २०२२ साली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या.

गौहर जान सोडली तर या बायका बहुतेक सिनेमासाठी गायच्या. तिथे आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा. गाण्याची ओळखही सिनेमाच्या नावानं. हे बदललं ते कॅसेटमुळे.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. तबकडीचं यंत्र श्रीमंताघरी असायचं, टेपरेकॉर्डर मात्र चहाच्या टपरीवर, जीपगाडीत, लग्नाच्या मांडवात आला. किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर कॅसेटी विकायला लागल्या. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं, अशा लोकांची गाणीही बाहेर पडली. आनंद शिंद्यांचा ‘नवीन पोपट’ याच काळात गावोगाव वाजला, त्याला कुठल्या सिनेमाची गरज लागली नाही.

सिनेमाशी संबंध नसलेली, एका गायकाच्या किंवा गायिकेच्या नावानं काढलेली सात-आठ गाण्यांची कॅसेट, तिलाच अल्बम म्हणायचे. गिऱ्हाईक दुकानात जाऊन सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, गायिकेचं नाव घ्यायचं. बाईच्या दृष्टीनं हा फरक लहान नव्हता. १९८१ साली पाकिस्तानच्या नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ आला. भाऊ जोहेब तिच्यासोबत होता, संगीत बिद्दूंचं. नाझिया तेव्हा आपल्या दहावीच्या पोरींएवढी होती. भारतातही तो अल्बम हातोहात खपला. पुढे १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ आला. त्याचंही संगीत बिद्दूंचंच. तोवर घरोघरी केबल आली होती, त्यामुळे गाणं ऐकण्याबरोबर बघायचीही गोष्ट झाली. लाकडी खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण ज्यांनी तेव्हा टीव्हीवर पाहिलाय, त्या अजून हसतात.

हे सगळं हिंदीत चाललं होतं. मराठीत भावगीतं होती, भक्तिगीतं होती, लोकगीतं होती. पण मराठी बाईच्या नावावरचा, तरुण पोरांनी नाचावं असा अल्बम देशभरच्या वाहिन्यांवर दिसेल, असं कुणाला वाटत नव्हतं. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली. तीच आजची झी मराठी. मराठी गाण्याला टीव्हीवर हक्काचं घर मिळालं. आणि २००२च्या सुमाराला सागरिका कंपनीनं ‘ऐका दाजिबा’ हा अल्बम काढला. गायिका वैशाली सामंत, संगीत अवधूत गुप्ते यांचं. चित्रीकरणात मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण. ही इशिता म्हणजे गायिका इला अरुण यांची मुलगी.

दाजी म्हणजे कोण, ते तुम्हाला सांगायला नको. थोरल्या बहिणीचा नवरा. त्याची थट्टा करायची, वेळ आली तर त्याला दोन शब्द सुनवायचे, ही मेव्हणीची जुनीच मुभा. आपल्या लग्नातल्या गाण्यांतही ती आहे. गाण्याचं नावच बघा, ‘ऐका’. बाई बोलतेय आणि पुरुषाला ऐकायला सांगतेय. गावाकडचं बोलणं, ढोलकीचा ठेका, आणि त्याला शहरातल्या नव्या वाद्यांची जोड. त्यामुळे गावातल्याला ते आपलं वाटलं आणि कॉलेजातल्याला नवं वाटलं. हिंदी-इंग्रजी गाणी दाखवणाऱ्या वाहिन्यांवरही ते मराठीतच वाजलं. मुंबईच्या पार्टीत मराठी गाणं लावायला लाजणारी पोरं या गाण्यावर उड्या मारायला लागली.

इथे तेव्हा अल्बमचा धंदा कसा चालायचा, तेही समजून घेऊ. अल्बममध्ये गाणी सात-आठ असली तरी गाजायचं बहुधा एखादंच. त्या एका गाण्याचा व्हिडिओ काढायचे, तो टीव्हीवर सारखा दाखवायचे, आणि त्या गाण्यासाठी लोक अख्खी कॅसेट विकत घ्यायचे. एक गाणं पुढे चालायचं, बाकीची त्याच्या मागून यायची. पण त्या एका गाण्यानं गायिकेला नाव मिळायचं, आणि नावावर पुढचं काम मिळायचं. वैशालीताईंचं तसंच झालं. २००६ मध्ये ‘जत्रा’ सिनेमात आनंद शिंदे यांच्यासोबत त्यांनी ‘कोंबडी पळाली’ गायलं. २००८-०९ला लिटिल चॅम्प्समध्ये परीक्षकाच्या खुर्चीवर त्या आणि अवधूत गुप्ते शेजारी शेजारी बसले. आळंदीकडची कार्तिकी गायकवाड तेव्हा जिंकली, ते आपण सगळ्यांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिलंय.

आता ‘कोंबडी पळाली’चं पुढे काय झालं बघा, कारण गाणं कुणाचं, हा प्रश्न त्यातूनच सुटतो. २०१२ साली ‘अग्निपथ’ हा हिंदी सिनेमा आला. संगीतकार तेच, अजय-अतुल. त्यांनी आपलीच चाल घेतली, शब्द हिंदी झाले, आणि ‘चिकनी चमेली’ श्रेया घोषाल यांनी गायलं. चाल एक, गाणारी दुसरी. यात चोरी नाही. चाल ज्यांनी बांधली, त्यांनीच ती पुन्हा वापरली. म्हणजे एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. शब्द लिहिणाऱ्याचे. चाल बांधणाऱ्याची. आणि आवाज गाणारीचा. यात चौथी असते कंपनी, जी पैसा घालते आणि मुद्रण आपल्या नावावर ठेवते. एका म्हशीचं दूध, शेण आणि रेडकू यांचा हिशेब वेगवेगळा ठेवतो ना आपण? तसंच हे.

योगायोग असा, की त्याच २०१२ साली आपल्या देशाचा कॉपीराइटचा कायदा बदलला. मूळ कायदा १९५७चा. त्यात गाणाऱ्याच्या आवाजाला वेगळा हक्क नव्हता. तो १९९४च्या दुरुस्तीनं आला, आणि २०१२च्या दुरुस्तीनं पक्का झाला. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, गायकांनी आपली संघटना केली, आपला वाटा गोळा करण्यासाठी. लताबाईंनी जे मागितलं होतं, त्याला पन्नास वर्षं लागली.

कायदा काय म्हणतो, ते सोप्या भाषेत सांगते. पहिली गोष्ट, गाणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याचं गाणं ध्वनिमुद्रित करून विकता किंवा प्रसारित करता येत नाही. घरी ऐकायला किंवा अभ्यासाला घेतलं, तर ती गोष्ट वेगळी. दुसरी, त्या गाण्याचा धंद्यासाठी वापर झाला तर गाणाऱ्याचा वाटा निघतो. तिसरी, हे गाणं मी गायलंय, माझं नाव लावा, असं म्हणायचा हक्क गाणाऱ्याला आहे. त्याची बदनामी होईल अशी मोडतोड झाली तर ती थांबवायचाही हक्क आहे. मुद्रण विकण्या-वापरण्यावरचा आणि वाट्याचा हक्क पन्नास वर्षं टिकतो.

आणि कायद्यात कलाकार म्हणजे कोण? फक्त मुंबईच्या स्टुडिओतले लोक नाहीत. त्या यादीत नट आहे, गायक आहे, नाचणारा आहे, कसरत करणारा आहे, जादूगार आहे, गारुडीसुद्धा आहे. भाषण करणाराही आहे, म्हणजे आत्ता तुमच्याशी बोलणारी मीही त्यात आले. मग चौकापाशी बसून रात्र रात्र गाणारी धवलेरी त्यात येणार नाही का? येतेच.

आता आजी “माझ्यासारखंच” असं का म्हणाली, ते सांगते. काही वर्षांपूर्वी बाहेरची चार माणसं कॅमेरा घेऊन आली होती. आजीला चौकापाशी बसवलं, दोन तास गाऊन घेतलं, चहा दिला, फोटो काढला आणि गेली. पुढे कुणाच्या तरी मोबाईलवर तेच गाणं आलं. खाली ठोका टाकलेला, वर भलतंच नाव. आजीचं नाव नाही, गावाचं नाही. लोकांनी किती वेळा पाहिलं त्याचा आकडा तेवढा ठळक. आजीनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “आवाज माझा हाय.” तिला पैशाचं तेवढं वाटलं नाही. आपला आवाज आपल्याला परका करून ऐकवला, याचं वाटलं.

आपण तेव्हा काय केलं? काही नाही. कारण आपल्याला वाटलं, ही गाणी जुनी, देवाची, सगळ्यांची. ते खरंच आहे. शब्द आणि चाल कुणा एकीची नाही, ती आज्या-पणज्यांकडून आली. त्यावर कुणी एकानं मालकी सांगूही नये, आपणही नाही आणि बाहेरच्यानंही नाही. पण त्या दिवशी त्या जागी जो आवाज लागला, तो आजीचा होता.

चांगलं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉतवँ या दोघांनी आपल्या सोबत्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया आणि एक लाखाच्या वर ओव्या. प्रत्येक ओवीसोबत ती म्हणणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलंय. दळणाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. पण आज कुणी ती ओवी काढली, तर कुणाची ते कळतं. काम करायचं म्हटलं की असंही करता येतं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे, तुम्हीही मांडून बघा. बाहेरचं कुणी गाणं, नाच किंवा गोष्ट मुद्रित करायला आलं, तर आधी त्याला गटासमोर बसवायचं. काय घेणार, कुठे दाखवणार, त्यातून कमाई होणार का, हे विचारायचं. उत्तर कागदावर घ्यायचं, दोन प्रती करायच्या आणि एक गटाच्या दप्तरात ठेवायची. काम उक्तं की वाट्यानं, ते गाण्याआधी ठरवायचं. गायल्यावर बोलण्यात अर्थ नसतो. आणि जी गाणी देवकार्याची आहेत, जी बाहेर द्यायचीच नाहीत, त्यांना सरळ नाही म्हणायचं. नाही म्हणणं हाही हक्कच आहे.

दुसरं काम घरच्या पोरींचं. त्यांच्या हातात मोबाईल आहे. बाहेरच्यांची वाट कशाला बघायची? आजीचं गाणं आपणच मुद्रित करू. तारीख सांगू, गाव सांगू. आणि डीजेवर गाणं लागलं की गाणारीचं नाव विचारायची सवय लावून घेऊ.

परवा आम्ही सुरुवात केली. पडवीत आजीला बसवलं. पोरीनं मोबाईल धरला. आजीनं सवाशिणीचं एक गाणं म्हटलं, मध्ये एकदा खोकली, पुन्हा म्हटलं. मी तिला आधीच गौहर जानची गोष्ट सांगितली होती. गाणं संपलं, पोरगी मोबाईल खाली ठेवणार, तेवढ्यात आजीनं हात वर करून तिला थांबवलं. पदर नीट केला. मग मोबाईलकडे बघून आपलं नाव सांगितलं, सासरचं गाव सांगितलं, माहेरचं सांगितलं, आणि हे गाणं जिच्याकडून शिकली त्या आईचंही नाव सांगितलं.

मग म्हणाली, “आता कर बंद.”